नंबर तेवढा दिसला पाहिजे

आमच्या गल्लीत माणसांपेक्षा कॅमेरे जास्त झालेत असं मी म्हणते, तेव्हा माझा धाकटा भाऊ चिडतो. चिडू दे. सुरुवात त्यानंच केली. वरचा मजला चढवला, घराला पिस्ता रंग दिला आणि वास्तुशांतीच्या आधी गच्चीच्या चारही कोपऱ्यांना कॅमेरे बसवून घेतले. कशासाठी, तर म्हणे चोऱ्या वाढल्यात. आमच्या घरात चोरून नेण्यासारखं काय आहे ते एखाद्या चोरानंच येऊन सांगावं. पण शेजाऱ्याच्या गच्चीवर दोन आले होते, म्हणून आमच्या गच्चीवर चार आले, आणि आमचे चार बघून समोरच्यानं सहा लावले. गल्लीच्या तोंडाशी आमचा एक चुलतभाऊ राहतो, राजकारणातला. त्याच्या बंगल्याला सोळा आहेत. त्याच्या बैठकीत भिंतभर टीव्ही आहे आणि त्यावर दिवसभर सोळा चौकोन चालू असतात. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला तो टीव्ही दाखवतात. पाहुणाही आपण कुठल्या कुठल्या चौकोनातून चालत आलो ते कौतुकानं बघतो.

एवढे डोळे लावून ही मंडळी बघत काय होती? समोरच्या घराचा एक कॅमेरा थेट आमच्या नळावर रोखलेला, कारण पाण्यावरून आमचं आणि त्यांचं जुनं भांडण. किराणा दुकानदाराचा कॅमेरा त्याच्याच गल्ल्यावर, कारण गल्ल्यावर त्याचा सख्खा भाऊ बसतो. माझी भावजय तेवढी कामाची. गच्चीवर पापड वाळत घातले की ती खाली बसून मोबाईलवर बघते, माकडं आली का. रस्ता मात्र कुणीच बघत नव्हतं.

मी अंबाजोगाईला एका कॉलेजात कारकुनी केली. नोकरी संपल्यावर वडिलांजवळ राहायला इथं आले. आमचं गाव वडवणीच्या रस्त्याला, धड खेडं नाही आणि धड शहर नाही. वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणतं. ते जनावरांच्या दवाखान्यात होते, ड्रेसर. गायीचं वासरू अडलं की माणसं रात्री-अपरात्री आमचं दार वाजवायची आणि आप्पा सदरा घालत घालत बाहेर पडायचे. ज्याच्या गोठ्यात ते गेले नाहीत असं घर गावात शोधावं लागेल. त्यामुळं दसऱ्याला त्यांना आपट्याचं सोनं द्यायला लोक रांग लावत, आणि आप्पाही सगळ्यांकडं जाऊन येत. माझ्या भावाला हे आवडत नसे. ‘‘तुमी कावून फिरता? लोकंच येतेत की,’’ असं तो म्हणे. आप्पा पिशवी घेऊन निघत.

त्या दसऱ्याला दिवस मावळताना ते मारुतीच्या पारावरून परत येत होते. आमच्या गेटाच्या थोडं अलीकडं एक मोठी पांढरी गाडी गल्लीत वळली. आप्पांना धक्का लागला आणि ते नालीच्या काठावर पालथे पडले. गाडी थांबली. तिचं दार उघडलेलं त्यांनी ऐकलं. ‘‘आप्पा!’’ अशी एक हाक आली. मग दार लागलं आणि गाडी निघून गेली. पलीकडच्या घरातली बाई कचरा टाकायला बाहेर आली, तिनं आरडाओरडा केला, तेव्हा आम्ही धावलो. आपट्याची पानं सगळ्या रस्त्यावर पसरली होती.

खुब्याजवळ हाड मोडलं होतं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काम चोख केलं, आप्पा वॉकर धरून उभे राहायला लागले. या वयात एवढं झालं हे पुष्कळ झालं, असं जो तो म्हणत होता. आप्पा ऐकून घेत. एकदा मी त्यांचा पाय शेकत होते तेव्हा म्हणाले, ‘‘पायाचं मला काय न्हाई बाई. पाय आज ना उद्या जायाचाच. मला नावानं हाक मारली आन् टाकून गेला, त्यो कोण, एवढं मला कळू दे.’’

इथून त्यांचं खरं दुखणं सुरू झालं. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला यायची रीत आहे. बिस्किटाचा पुडा, चार केळी, कुणी शहाळं आणतं. जो येईल तो कॉटच्या कडेला बसतो, कसं झालं ते विचारतो, तेच ते पुन्हा ऐकतो आणि च्च च्च करतो. पूर्वी आप्पांना माणसं लागायची. आता कुणी आलं की ते त्याच्या तोंडाकडं बघत राहत. हाच तर नसेल? ‘‘आप्पा, कसं काय?’’ असं कुणी म्हणालं की ते तो आवाज त्या हाकेशी ताडून बघत, आणि ताळा काही जमत नसे. पलीकडच्या आळीतला त्यांचा जुना सोबती लेकाच्या गाडीत बसून भेटायला आला, गाडी पांढरी होती, तर आप्पा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो बिचारा केळी ठेवून गेला. ती केळी आप्पांनी खाल्ली नाहीत. गावातल्या प्रत्येक माणसावर संशय घेत बसायचं हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं. ज्यानं हे केलं त्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालत होते. आजही घालते.

आता कॅमेऱ्यांचं. अपघात झाला त्याच रात्री माझ्या भावाच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं. ‘‘आपले कॅमेरे हायत ना! आता सापडतोच कसा न्हाई बघू.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दहा माणसं मोबाईलवर वाकून उभी. चित्र लागलं. तीन मजल्यांवरून काढलेलं. त्यात आप्पांची टोपी एवढीशी दिसत होती आणि गाडीचा टप. पुढं दिव्यांचा लखलखाट, आणि नंबराच्या जागी पांढरा ठिपका. भावानं चित्र मोठं केलं, ठिपका मोठा झाला. अजून मोठं केलं, चौकोन चौकोन दिसायला लागले. बोअर आणखी खाली नेलं की पाणी लागेल, अशा हट्टानं तो मोठं करत राहिला. शेवटी म्हणाला, ‘‘कंपनीनं तर सगळा रस्ता दिसंल म्हणून सांगितलं होतं.’’ सगळा रस्ता दिसतच होता की. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता, मागचा उकिरडा दिसत होता, पाण्याची टाकी दिसत होती. नंबर तेवढा दिसत नव्हता.

समोरच्यांकडं गेलो. भांडण असलं तरी आप्पांसाठी त्यांनी सगळं उघडून दाखवलं, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांचा नळावरचा कॅमेरा जरा खाली होता. त्यात गाडीचं तोंड समोरून आलं आणि आम्ही सगळे पुढं झालो. गाडीला या आरशापासून त्या आरशापर्यंत झेंडूची जाड माळ होती. माळ मधोमध लोंबत होती आणि बरोबर नंबराच्या पाटीवर पडली होती. जो एक कोपरा उघडा होता त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. मागची पाटी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उजेडानं चकाकून कोरी करकरीत झालेली. दसऱ्याला आमच्याकडं झाडून सगळ्या गाड्या धुतात, पूजा करतात, माळा घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आणि नेत्यापासून ठेकेदारापर्यंत ज्याच्या बुडाखाली चारचाकी आहे ती पांढरीच आहे. त्या संध्याकाळी गल्लीतून अशा किती पांढऱ्या, किती माळवाल्या गाड्या गेल्या, देवालाच माहीत. वर्षभर जी पाटी मिरवायची ती नेमकी त्याच दिवशी फुलांनी झाकायची. बरं, इतर दिवशी तरी काय दिवे लावतात? अर्ध्यांच्या पाट्यांवर वाघ आणि तलवारी, आणि उरलेल्यांचे आकडे असे वळवलेले की ते आकडे आहेत हे मालकानं सांगावं लागतं.

मग बंगल्यावर गेलो, सोळा चौकोनांकडं. चुलतभाऊ पायऱ्या उतरून खाली आला, माझ्या भावाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘‘लई वाईट झालं. आप्पा म्हणजी देवमाणूस. पर त्या दिवशी नेमकी लाईट न्हवती बघ.’’

‘‘तुमच्याकडं इन्व्हर्टर हाय ना?’’ मी विचारलं.

‘‘ताई, इन्व्हर्टर बैठकीला हाय. कॅमेऱ्याला न्हाई.’’

म्हणजे बैठकीतला टीव्ही चालू होता आणि त्यात दिसायला काही नव्हतं. त्याच वेळी गल्लीतले बाकीचे कॅमेरे चालू होते, तरी मला त्याचा संशय आला का? नाही आला. हा माणूस सकाळी उठल्यापासून लोकांना अशीच उत्तरं देतो. रस्ता कधी होणार, बोअर कधी मिळणार, काहीही विचारा, लाईट नसते. मला नुसता राग आला आणि आम्ही परत आलो. चौकीतला हवालदार भला माणूस होता, पण तोही म्हणाला, ‘‘नंबर आणा, पुढचं आमी बघतो.’’

मी पेटले. माझं असं आहे, मी एकदा पेटले की घरात कुणाला सुचू देत नाही. आठवडाभर मोबाईलवर वाचत बसले, व्हिडिओ बघितले, आणि मग बीडहून कॅमेरेवाल्याला बोलावलं. तोच तो, ज्यानं गच्चीवरचे चार लावले होते. आल्या आल्या मेगापिक्सेल सांगायला लागला. मी म्हटलं, ‘‘ते राहू द्या. गच्चीवरून उतरायचं, गेटाच्या खांबावर कंबरेएवढं खाली लावायचं. सगळा रस्ता नको. गेटासमोर गतिरोधक आहे, तिथं गाडी हळू होते, तेवढाच तुकडा धरायचा. लांबचं जवळ आणणारं भिंग लावा. आणि उजेड कमी घ्यायला लावा, म्हणजे दिवे लावून गाडी आली तरी पाटी चकाकणार नाही.’’

तो माझ्याकडं बघतच राहिला. ‘‘ताई, एवढ्या खाली कॅमेरा कुणी लावतं का? कुत्रं मुतंल त्याच्यावर.’’

‘‘मुतू द्या. मी धुईन.’’

‘‘आन् चित्र काळं दिसंल. गिऱ्हाईक शिव्या देतंय आमाला.’’

‘‘गिऱ्हाईक मी आहे,’’ मी म्हटलं.

लावला त्यानं, तोंड वाकडं करून. संध्याकाळी बघितलं तर खरंच सगळं काळं. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. भाऊ म्हणाला, बिघडलेला कॅमेरा गळ्यात मारला. तेवढ्यात दूधवाल्याची गाडी गतिरोधकावर आली आणि त्या काळ्यातून एक पाटी सरकत गेली, अक्षर न् अक्षर. भावजयीनं ती मोठ्यानं वाचली. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. दोन दिवसांत गावभर झालं की आप्पांच्या लेकीनं नंबर वाचणारा कॅमेरा लावलाय. लोक मुद्दाम गाड्या घेऊन यायला लागले. गतिरोधकावरून जायचं, गाडी लावायची आणि आत येऊन आपला नंबर बघायचा. स्वतःच्या गाडीचा नंबर, जो त्यांना तोंडपाठ होता. एकाची पाटी कॅमेऱ्यात लख्ख दिसली, पण आकडे असे मुरडलेले की आम्हाला कुणालाच वाचता येईना. तो म्हणाला कॅमेऱ्यातच खोट आहे.

भावानं मला विचारलं होतं, ‘‘आता लावून काय उपयोग? त्यो तर गेला.’’ त्याचं बरोबर होतं. मी तो रागानं लावला होता. आप्पा मात्र त्यांच्या खिडकीतल्या कॉटवर बसून बाहेर बघत असायचे. मोबाईल त्यांच्या हातात दिला तर बाजूला ठेवायचे.

आणि एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, ‘‘हा चालत कावून येतो?’’

गेटातून आमचा चुलतभाऊ येत होता. पायी. पांढरे कडक कपडे, कपाळावर घाम, हातात सफरचंदांची पिशवी. मी चमकले. हा माणूस आपल्या बंगल्यातून कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गाडीतून जातो. आप्पा घरी आल्यापासून तो भेटायला यायचा तेव्हा गाडी गेटाला टेकवून उभी करायचा आणि हॉर्न वाजवायचा, की गेट उघडा. खांबावर कॅमेरा आल्यापासून तीन-चार वेळा आला असेल आणि दर वेळी पायी आला होता. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोण येतं त्याचे नंबर मी रोज बघत होते, आणि ज्याचा नंबर येत नव्हता त्याचा विचारच केला नव्हता.

‘‘डॉक्टरनं सांगितलं आसंल, वजन उतरवा म्हणून,’’ भाऊ म्हणाला. माझ्या भावाला माणसांत चांगलं तेवढंच दिसतं, त्याच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्यांसारखं, लांबून.

चुलतभाऊ कॉटशी येऊन बसला. ‘‘आप्पा, बरं वाटतंय का?’’

‘‘गाडी कुटं हाय?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘सर्व्हिसिंगला दिलीय आप्पा. म्हणलं तेवढंच चालणं व्हतंय.’’

तेवढ्यात भावजय बाजारातून आली. तिनं चहा टाकला, आणि मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा सहज बोलून गेली की बंगल्यावरची गाडी मारुतीच्या मागं उभी आहे, ड्रायव्हर आत झोपलाय. मी बाहेर येऊन ते आप्पांच्या कानात सांगितलं. चहा झाला. बैठकीत आणखी दोन-तीन माणसं येऊन बसली होती. त्या सगळ्यांसमोर आप्पा म्हणाले, ‘‘सोमवारी मला अंबाजोगाईला दाखवाया जायाचंय. तुझी गाडी उंच हाय, ऐसपैस हाय, पाय सरळ ऱ्हातो. तूच घिऊन चल.’’

‘‘घ्या की आप्पा, तुमचीच गाडी हाय. ड्रायव्हरला सांगतो.’’

‘‘ड्रायव्हर नको. तू.’’

चार माणसांत नाही म्हणता येईना. तो ‘‘बरं, बरं’’ करत उठला आणि सफरचंदांची पिशवी तशीच परत घेऊन निघाला, मग लक्षात आल्यावर कॉटवर ठेवून गेला.

माझी खात्री होती की तो येणार नाही. काहीतरी निघेल, मीटिंग निघेल, मयत निघेल. पण सोमवारी सकाळी गाडी आली. तोच चालवत होता. गतिरोधकावर ती हळू झाली आणि भावाच्या मोबाईलवर पाटी उमटली. भाऊ ओरडला, ‘‘आली बघ! कसा स्पष्ट दिसतोय नंबर!’’ त्या भाबड्याला अजून काही कळलं नव्हतं. मी गाडीचं तोंड बघत होते. बाकी गाडी वापरलेली होती आणि पुढचा बंपर नवा कोरा होता.

आप्पा वॉकर टेकत टेकत गेटापर्यंत गेले. पाटीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चुलतभाऊ खाली उतरून दार धरून उभा राहिला. ‘‘बसा आप्पा.’’

आप्पा उभेच राहिले. समोरच्या घरातली बायामाणसं दारात आली होती, किराणावाला बाहेर आला होता.

‘‘हाक तूच मारली ना?’’ आप्पांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

त्यानं आधी खांबावरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं, मग समोरच्या गच्चीवरच्या सहांकडं. सोळा कॅमेऱ्यांच्या मालकाला कुठं बघावं ते कळेना. मग म्हणाला, ‘‘आप्पा, गाडीत मोठी माणसं होती. मेळाव्यावरून येत होतो. मी उतरलो होतो, आईशप्पत. मला वाटलं, कोणतरी उचलंलच.’’

एवढा निर्लज्ज माणूस मी जन्मात बघितला नाही. माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं, कारण आप्पांनी हात वर केला.

‘‘उचललं ना. लोकांनीच उचललं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘आता तू उचल.’’

आणि त्यांनी वॉकर सोडून दिला. मी पुढं झाले, भाऊ पुढं झाला, तर आप्पा आमच्यावर खेकसले. ते एका पायावर, गाडीच्या दाराला धरून उभे होते आणि वाट बघत होते. चुलतभाऊ वाकला. माणूस उचलायची सवय त्याला असणार कुठून. त्यानं एक हात पाठीमागं घातला, एक गुडघ्यांखाली, आणि धापा टाकत, लाल होत त्यांना वर घेतलं. आप्पांनी त्याला जराही मदत केली नाही. सगळा भार त्याच्यावर टाकून ते त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. गाडीची पायरी उंच होती. दोनदा त्याला थांबून दम घ्यावा लागला. सगळी गल्ली बघत होती. शेवटी त्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाय सरळ केला आणि दार लावलं.

मी मागं बसले. दवाखान्यात आमचा नंबर यायला वेळ होता. तो गाडीपाशी थांबला होता आणि आम्ही दोघं बाकावर. मी म्हटलं, ‘‘आप्पा, मी चौकीत तक्रार देणार आहे. कबूल केलंय त्यानं, गल्लीनं ऐकलंय.’’

‘‘दी,’’ ते म्हणाले.

‘‘मग घरी बोलून का नाही दाखवलंत त्याला? असं कसं सोडून दिलंत? माफ केलंत काय?’’

‘‘न्हाई,’’ आप्पा म्हणाले. त्यांनी दुखरा पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाले, ‘‘पर आता बाकीच्या गावाशी बोलाया येतंय मला.’’